ससा आजारी, सल्ले अनेक. वेळ मात्र थोडा

जळगाव (प्रतिनिधी) : मे महिन्यातील एखादी सकाळ. जळगाव महापालिकेच्या हद्दीतील पिंप्राळा उपनगरात रात्रभर चाललेल्या कूलरची घरघर अजून थांबलेली नाही. एरवी कोथिंबिरीच्या जुडीचा वास येताच दारापर्यंत धाव घेणारा घरातील ससा आज पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसला आहे. रात्री टाकलेले गवत तसेच आहे. तळाशी लेंड्या नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले आहेत. शाळेला सुट्या असल्याने ही गोष्ट सर्वांत आधी मुलांच्या लक्षात येते आणि तासाभरात घरात सल्ल्यांचा पूर येतो.

आजी ओव्याचे पाणी पाजायला सांगतात. शेजारच्या काकू कानाला हात लावून ताप असल्याचे निदान करतात आणि मुलांचे तापाचे औषध थोडे द्यावे म्हणतात. औषध दुकानदार अँटिबायोटिकचे गोड सिरप पुढे करतो. पुण्यातील मावसभाऊ फोनवरून बजावतो, की सिरिंजने पातळ खाणे लगेच भरवा, नाहीतर ससा हातचा जाईल. दुपारी ओळखीच्या कोणाकडून नेमका उलटा निरोप येतो, की आतड्यात काही अडकले असेल, तर भरवल्यानेच तो दगावेल. गुरांच्या दवाखान्यात न्यावे, तर तेथे गायी-म्हशींची रांग.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. ससा पाळणाऱ्या कोणत्याही घरात असा दिवस उगवू शकतो. यांपैकी काही सल्ले निरुपयोगी आहेत, काही घातक आहेत. परंतु, "लगेच भरवा" आणि "अजिबात भरवू नका" हे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकाच आजाराचे नाहीत, एवढेच. म्हणूनच आजारी सशाच्या बाबतीत कोणाचे ऐकावे, हा प्रश्न नंतरचा. सशाला नेमके काय झाले आहे आणि ते कशावरून ठरले, हा प्रश्न आधीचा.

खाणे थांबले, की घड्याळ सुरू

मराठीत ससा हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. खानदेशातील शिवारात दिसणारा रानससा हा वन्यप्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे. तो घरात पाळता येत नाही. घरोघरी दिसणारा पांढरा, करडा किंवा ठिपकेदार ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. दोघांत साम्य एवढेच, की दोघेही इतर प्राण्यांचे भक्ष्य आहेत. दुबळेपण दिसले, की शिकारी झडप घालतो. त्यामुळे वेदना लपविणे हा सशाचा स्वभावच बनला आहे. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते. ससा फक्त गप्प बसतो. मालकाला आजार दिसू लागतो, तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

सशाची पचनसंस्था सतत चालू राहण्यासाठी घडलेली आहे. गवतातील जाड तंतू आतड्यांना गती देतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या सीकम या मोठ्या पिशवीत असंख्य उपयुक्त जिवाणू चाऱ्याचे विघटन करतात. तेथे तयार झालेल्या मऊ, चिकट लेंड्या ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन परत खातो. ती विकृती नसून त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग आहे. ही यंत्रणा थांबली, की जिवाणूंचा समतोल ढळतो, वायू साठतो, पोट दुखू लागते. दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्यातच त्याला उलटी होत नाही. उपाशी राहिल्याने शरीरातील चरबी यकृतात साठू लागते. लठ्ठ सशाला हा धोका अधिक.

म्हणूनच सशाने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था समजावी, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. "उद्या सकाळी बघू" हा कुत्र्याच्या बाबतीत कधी कधी चालून जाणारा विचार सशाच्या बाबतीत जिवावर बेततो.

आतडी मंदावणे हे बहुधा मूळ दुखणे नसते. त्यामागे दातांचा त्रास, कमी गवत, कमी पाणी, कोठेतरी वेदना, भीती किंवा उष्णता यांपैकी काहीतरी असते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात आणि गवत चघळण्यानेच दातांची झीज होते. गवत कमी पडले, की दाढांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात आणि भूक असूनही ससा खाऊ शकत नाही. दिवाळीतील फटाके, आषाढी एकादशीच्या पिंप्राळ्यातील रथोत्सवाच्या निमित्ताने घरात भरलेली पाहुण्यांची वर्दळ किंवा भटक्या कुत्र्याने पिंजऱ्याशी घातलेला धिंगाणा एवढेही निमित्त पुरते.

भरवावे की भरवू नये?

दोन परस्परविरोधी सल्ल्यांचे मूळ येथे आहे. सशाने खाणे सोडण्याची दोन प्रमुख कारणे बाहेरून सारखी दिसतात. पहिल्यात आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, पण मार्ग मोकळा असतो. दुसऱ्यात मार्गच बंद असतो. अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा घट्ट गोळा किंवा कुरतडलेली चटई, प्लॅस्टिक, कापड लहान आतड्यात अडकलेले असते.

पहिल्या अवस्थेत सिरिंजने भरवणे हा उपचाराचा कणा आहे. दुसऱ्या अवस्थेत तोच उपचार आधीच फुगलेल्या जठरात भर घालतो आणि जठर फुटण्याचाही धोका असतो. आतड्यांना गती देणाऱ्या औषधांचेही तसेच. मार्ग मोकळा असेल तर ती उपयोगी पडू शकतात. मार्ग बंद असेल तर धोक्याची.

फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. आतडी मंदावलेल्या सशाचा इतिहास बहुधा एक-दोन दिवसांचा असतो. लेंड्या आधी लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या येतात आणि नंतर थांबतात. ससा मलूल असतो, पण हाक मारली की कान हलवतो. मार्ग बंद झाला, तर प्रकृती काही तासांत ढासळते. सकाळी उड्या मारणारा ससा दुपारी निपचित पडतो. बरगड्यांच्या मागे पोट घट्ट फुगलेले लागते, कान गार पडतात. अशा सशाला घरी काहीही भरवू नये. थेट दवाखाना गाठावा.

खात्री मात्र तपासणीनेच होते. पोट हाताने चाचपणे आणि क्ष-किरण चित्र हे नेहमीचे मार्ग. त्यांना एका सोप्या चाचणीची जोड मिळाली ती २०१२ मध्ये. ब्रिटनमधील सशांच्या तज्ज्ञ पशुवैद्यक फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात पाळीव सशांच्या रक्तशर्करेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आतड्यात अडथळा असल्याचे निश्चित झाले, त्या सशांची सरासरी रक्तशर्करा प्रतिलिटर २४.७ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडील परिचित मापात सुमारे ४४५ निघाली. ज्यांची आतडी केवळ मंदावली होती, त्यांची सरासरी ८.५ मिलिमोल, म्हणजे सुमारे १५३ होती. मधुमेही माणसाच्या घरात असणाऱ्या छोट्या यंत्रावर हा आकडा सशाच्या बाबतीत काटेकोर मिळत नाही. तथापि, १५० आणि ४५० यांतील फरक त्यावरही लपत नाही. रक्त घेणे आणि आकड्याचा अर्थ लावणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. परंतु मोठे उपकरण नसलेल्या दवाखान्यातही ही चाचणी करता येते. "शर्करा पाहता येईल का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

१०३ म्हणजे ताप नव्हे

काकूंचे तापाचे निदान का चुकते, हेही समजून घेण्यासारखे आहे. निरोगी सशाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०४ अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान असते. माणसाच्या मोजमापाने पाहिले, तर धडधाकट ससाही तापाने फणफणलेला वाटतो.

खाणे सोडलेल्या सशात उलट तापमान उतरणे हे अधिक चिंतेचे असते. निकोला दी जिरोलामो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दवाखान्यात आणताना सशाचे तापमान जितके कमी, तितकी मृत्यूची शक्यता अधिक होती. प्रत्येक एका अंशाच्या घसरणीबरोबर ती जवळपास दुपटीने वाढत होती. अशा सशाला टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी लागते.

आणि येथेच जळगावचा उन्हाळा आडवा येतो. सशाला १५ ते २५ अंशांचे हवामान मानवते. तिशीच्या पुढे तो त्रासू लागतो. त्याला घाम जवळजवळ येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून अंग गार करणेही त्याला साधत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कान. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांसाठीची केंद्रे हिमाचलातील कुलू खोऱ्यात गारसा येथे आणि तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे आहेत, यावरूनच या प्राण्याला कोणते हवामान रुचते ते दिसते. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरील स्लॅबची खोली रात्रीही तापलेली असते.

उष्माघात झालेला ससा जोरजोरात श्वास घेतो, कान लालसर व तापलेले असतात, तोंडाला लाळ येते, अंग ढिले पडते. त्याला ऊब दिली, तर तो दगावेल. त्याला सावलीत घ्यावे, कानांना व पायांना साध्या पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये किंवा बादलीत बुडवू नये. त्या धक्क्याने प्रकृती आणखी बिघडते.

ऊब द्यावी की गारवा, हेही म्हणजे भरवण्यासारखेच झाले. उपचार परस्परविरुद्ध आणि निवाडा तापमापीच्या हाती. गुदद्वारात तापमापी लावण्याची पद्धत पशुवैद्यकाकडून शिकून घेतल्याशिवाय मात्र घरी प्रयोग करू नये. घाबरलेल्या सशाने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली, तर त्याचाच मणका मोडू शकतो. त्याला उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली हवा.

गोड सिरपचा कडू परिणाम

औषध दुकानातून आणलेले अँटिबायोटिक हा सल्ल्यांतील सर्वांत घातक भाग. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिली, तर सीकममधील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी द्रव्य तयार करणारे जिवाणू माजतात आणि जुलाब होऊन ससा काही दिवसांत दगावू शकतो. पेनिसिलिन इंजेक्शनवाटे देण्याचा निर्णय काही आजारांत पशुवैद्यक विचारपूर्वक घेतात. तेच औषध तोंडावाटे देणे ही वेगळी गोष्ट आहे. औषधाच्या नावाबरोबर ते देण्याचा मार्गही महत्त्वाचा असतो, तो असा.

कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेला लावायचे फिप्रोनिल हे औषध सशासाठी धोकादायक असून, ते सशांवर वापरू नये अशी सूचना उत्पादकानेच दिलेली आहे. कानात किंवा नाकावर खपल्या धरणारी खरूज सशांत वारंवार आढळते. तिच्यावर परिणामकारक औषधे आहेत, पण ती वजनानुसार पशुवैद्यकानेच द्यावयाची असतात. स्टिरॉइडला ससा विशेष संवेदनशील असल्याने तसे इंजेक्शन सुचविले गेल्यास त्याचे कारण विचारून घ्यावे. पोटातील वायूसाठी मुलांना देतात ते थेंब अनेक ससापालक वापरतात. त्यांचा अपाय फारसा नाही, पण लाभाचा भक्कम पुरावाही नाही. थेंब पाजून निर्धास्त होणे, हाच त्यांचा खरा धोका. ओव्याच्या पाण्याचेही तेच.

याउलट ज्या औषधाची आठवण बहुधा राहून जाते, ते म्हणजे वेदनाशामक. पोट दुखणारा ससा खाणार नाही, हे साधे सत्य आहे. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सशांत सर्रास वापरले जाते. मात्र, कुत्र्यासाठीची किलोमागील मात्रा सशाला अपुरी पडते आणि शरीरात पाणी कमी असताना किंवा मूत्रपिंड दुबळे असताना तेच औषध जपून द्यावे लागते. मात्रा ठरवणे हे घरच्यांचे काम नव्हे, "वेदनेसाठी काही दिले आहे का?" हे विचारणे मात्र त्यांचे काम आहे.

वेदना ओळखायची कशी, यासाठीही २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरील पाच खुणा निश्चित केल्या. डोळे बारीक होणे, गाल चपटे दिसणे, नाकाचा आकार टोकदार होणे, मिशा ताठ होणे आणि कान मागे दुमडून अंगालगत जाणे, या त्या खुणा. रोज सशाला पाहणाऱ्या मुलालाही त्या टिपता येतात.

गुरांचे डॉक्टर आणि सशाचा आजार

"ते तर ढोरांचे डॉक्टर, त्यांना सशाचे काय कळणार?" ही प्रतिक्रिया सर्रास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. पशुवैद्यकीय पदवीच्या शिक्षणात भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्यावर असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पशुवैद्यकाच्या हाताखालून ससे कमी जातात. परंतु, शरीरातील पाणी कमी झाल्याचे ओळखणे, त्वचेखाली सलाइन देणे, पोट चाचपणे, क्ष-किरण चित्र वाचणे, वेदना कमी करणे ही कामे त्याला येतात आणि पहिल्या काही तासांत नेमकी हीच कामे जीव वाचवतात. कोठल्याही तज्ज्ञाने फोनवरून दिलेला सल्ला हाताने केलेल्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, मुंबई-पुणे त्याहून दूर. उन्हाळ्यात एवढा प्रवास हाच आजारी सशाला मोठा ताण ठरतो. म्हणून आधी जवळच्या नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून प्रकृती सावरून घ्यावी आणि नंतर गरज भासल्यास त्यांच्याच मार्फत लहान प्राण्यांच्या तज्ज्ञाशी बोलणे व्हावे, हा व्यवहार्य मार्ग. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. जिल्ह्यातील पशुवैद्यकाला तेथील अध्यापकांचा सल्ला घेता येतो आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे हे मालकाने दोघांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी नोंदणी आवश्यक आहे. प्राणी विकणारा दुकानदार किंवा औषध विक्रेता हा पशुवैद्यक नव्हे, हे त्यामुळे स्पष्टच आहे.

दोन पशुवैद्यकांची मते वेगळी पडली, तर काय करावे? ज्याने सशाला प्रत्यक्ष हाताळले, त्याच्या मताला अधिक वजन द्यावे. ज्याने "का" ते सांगितले, त्याच्या मताला आणखी वजन द्यावे. पुढील प्रश्न विचारल्यास बहुतेक गोंधळ दूर होतो.

आतड्यात अडथळा नाही, हे कशावरून ठरले? तापमान किती आहे? दाढा पाहिल्या का? वेदनेसाठी काय दिले? हे औषध सशाला तोंडावाटे चालते का? घरी भरवायचे का, किती आणि कधीपासून? किती तासांत फरक दिसायला हवा आणि न दिसल्यास पुढे काय?

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर आणखी एक. कुत्र्या-मांजरांना भूल देण्यापूर्वी रात्रभर उपाशी ठेवतात. सशाला उलटी होत नसल्याने त्या उपवासाची गरज नसते. उलट लांबलेला उपवास त्याच्या आतड्यांना घातक ठरतो. सवयीने दिली गेलेली "रात्रीपासून काही देऊ नका" ही सूचना ऐकू आली, तर ती सशासाठीच आहे ना, हे विचारून घ्यावे. असे विचारण्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही.

प्रश्न विचारण्याचा हक्क बजावायचा, तर माहिती देण्याचे कर्तव्यही पाळावे लागते. ससा शेवटचे कधी आणि काय जेवला, शेवटची लेंडी कधी व कशी होती, वजन किती होते, काय कुरतडले, आधी कोणते औषध दिले, हे वेळेसह कागदावर लिहून न्यावे. आजीने दिलेले ओव्याचे पाणीही त्यात यावे. लाजेपोटी लपवलेली गोष्ट उपचार चुकवते. शक्य तर शेवटच्या लेंड्या कागदात गुंडाळून न्याव्यात.

घरची शुश्रूषा

मार्ग मोकळा असल्याचे पशुवैद्यकाने सांगितले, की पुढची लढाई घरातच लढायची असते. बाजारातील तयार शुश्रूषा-आहार मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास सशाचे नेहमीचे गोळी-खाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, गाळून पातळ करता येते. दूध, साखर, बिस्किट, पिठाची पेज किंवा कुस्करलेले केळे देऊ नये. एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण १० ते १५ मिलिलिटर, दिवसातून चार-पाच वेळा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. नेमके प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर सरळ बसवावे. सिरिंजचे टोक पुढच्या दातांच्या मागील मोकळ्या जागेतून बाजूने आत सारावे आणि अर्धा ते एक मिलिलिटर देऊन त्याला चघळू द्यावे. गिळल्याचे दिसल्यावरच पुढचा घास. घाईत सरळ घशात सोडलेले खाणे फुप्फुसात जाते. त्याला पाठीवर उताणे करू नये. तसे केल्यावर तो शांत पडतो, पण ती शांतता नसून भीतीने आलेली निश्चलता असते.

निरोगी सशाला किलोमागे दिवसाला सुमारे ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. आजारपणात नळीच्या बाटलीऐवजी जड वाटी ठेवली, तर तो सहज पितो. ताजे गवत, मेथी, कोथिंबीर सतत समोर असावी. स्वतःहून घेतलेला पहिला घास हाच सुधारण्याचा दाखला. लेंड्यांची संख्या व आकार वहीत लिहावा. जोडीचा ससा असेल, तर शक्यतो त्याला दूर करू नये, सोबतीने धीर येतो. मात्र त्यामुळे लेंड्या कोणाच्या, हे ओळखण्यासाठी काही वेळ जाळीने जागा विभागावी.

उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरील, पूर्व-उत्तरेची खोली निवडावी. बसायला ओल्या कापडाने पुसलेली शहाबादी फरशी आणि शेजारी कापडात गुंडाळलेली, बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवावी. कूलरचा झोत थेट अंगावर नको. पावसाळ्यात जुलाबाने किंवा लघवीने मागचा भाग ओला राहिला, तर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. त्यामुळे दिवसातून दोनदा तो भाग पाहून कोरडा करावा.

केळीच्या गावातील पथ्य

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरात केळी असतातच आणि ससा ती आवडीने खातो, म्हणून मुले रोज भरवतात. केळीतील साखर व पिष्ट सीकममधील जिवाणूंचा समतोल बिघडवते. एखादी पातळ चकती कधीतरी चालेल. रोजचे अर्धे केळे हे आजाराचे आमंत्रण. पाव, पोळी, फरसाण, हरभऱ्याची डाळ यांचेही तेच.

विदेशी संकेतस्थळांवर वाचलेले टिमोथी गवत जळगावात सहज मिळत नाही, म्हणून हताश होण्याचे कारण नाही. हरळी, पवना यांसारखे वाळवलेले गवत सशाच्या आहाराचा मुख्य भाग होऊ शकते. दिवसभर समोर गवत हवेच. बाकी सारे तोंडी लावण्यापुरते. लसूणघास वाढत्या पिलांना ठीक, पण त्यात चुन्याचे प्रमाण अधिक असते आणि प्रौढ सशाच्या मूत्राशयात त्याचा गाळ साचू शकतो. गवत कोठून आणले, हेही पाहावे. कापसाच्या शेताच्या बांधावरील गवतावर कीटकनाशकाचा फवारा उडालेला असतो. तो धुऊनही पूर्ण जातो असे नाही.

थांबायचे केव्हा?

सर्व काही वेळेवर करूनही काही ससे वाचत नाहीत. आतड्यातील अडथळ्याची शस्त्रक्रिया अवघड असते आणि ती सर्वत्र होत नाही. वारंवार बिघडणाऱ्या दाढांवर दर काही आठवड्यांनी भूल देऊन उपचार करावे लागतात; प्रत्येक वेळी खर्च आणि जोखीम दोन्ही. अशा वेळी "आणखी काय करता येईल?" याबरोबरच "हे करून त्याचे दुखणे कमी होणार आहे का?" हा प्रश्नही पशुवैद्यकाला विचारावा. पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणे हा कायद्याने मान्य व काही वेळा दयेचा मार्ग आहे. दोनशे-तीनशे रुपयांना आणलेल्या सशावर हजारो रुपये का खर्चावेत, असे विचारणारेही भेटतात. त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, त्यात कमीपणा नाही. फक्त पैशाअभावी उपचार थांबवायचे असतील, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. निदान वेदनाशामक तरी देता येते. मुलांपासून हे लपवू नये. आजार पहिल्यांदा ओळखणारे बहुधा तेच असतात.

पिंप्राळ्यातील त्या सकाळी करायचे काय, याचे उत्तर म्हणूनच छोटे आहे. मागच्या जेवणाची आणि लेंडीची वेळ लिहावी. पोट फुगले आहे का, कान गार आहेत की तापलेले, हे पाहावे. घरातील कोणतेही औषध देऊ नये. कापडाने झाकलेल्या हवेशीर टोपलीत ससा ठेवून, ऊन चढण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाकडे निघावे. सल्ले देणाऱ्यांचे फोन वाटेतही घेता येतील.